हिवाळ्यात इंजिन ऑइलमध्ये साचणारे पाणी आणि गाळ : झाकणाखालच्या पिवळ्या थराचा अर्थ काय घ्यावा?

रानवारा (विनिपेग, कॅनडा)

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही पुण्याहून विनिपेगला राहायला आलो आणि येथे १.५ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची एक वापरलेली गाडी घेतली. माझे कार्यालय घरापासून सुमारे ५ किलोमीटरवर आहे आणि मुलाची शाळा वाटेतच लागते. जानेवारीत सकाळी पारा उणे २५ अंशांच्या आसपास असताना गाडी एवढ्याच अंतरासाठी बाहेर पडते, दिवसभर उघड्या वाहनतळावर गारठून उभी राहते आणि संध्याकाळी तेवढेच अंतर कापून परत येते. सुट्टीच्या दिवशी किराणा आणण्यापलीकडे तिचा फारसा वापर होत नाही.

परवा काच धुण्याचे द्रावण भरण्यासाठी बॉनेट उघडले होते, तेव्हा ऑइल भरण्याचे झाकणही काढून पाहिले. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा, सायीसारखा दाट थर जमलेला होता आणि बोटाने पुसल्यावर त्यात पाण्याचे बारीक थेंब दिसले. डिपस्टिकवरचे ऑइल मात्र स्वच्छ तपकिरी आहे. फक्त त्याला पेट्रोलचा वास येतो आणि त्याची पातळी वरच्या खुणेच्या किंचित वर गेली आहे. मधल्या काळात कोणीही ऑइल घातलेले नसताना पातळी वाढावी, याचे मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटते आहे.

गाडीची सर्व्हिसिंग जेथे होते तेथे "थंडीत असे होतेच" एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधील सील) गेले असावे असे सांगून इंजिन उघडण्याचा मोठा खर्च माझ्यापुढे ठेवण्यात आला. या दोन उत्तरांत इतके अंतर आहे की कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवावा हे ठरवता येत नाही.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे : हा थर नुसता दवाचा आहे की कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ऑइलमध्ये मिसळते आहे, हे इंजिन न उघडता कसे ओळखावे? थर दवाचाच असेल तर त्यातून पुढे गाळ तयार होतो का? आणि रोजचा रस्ता लांबवणे शक्य नसताना सकाळी इंजिन जास्त वेळ चालू ठेवणे, घट्ट ऑइल घालणे किंवा आतून फ्लशिंग करून घेणे, यांपैकी कशाचा खरोखर उपयोग होईल? हिवाळा अजून बराच शिल्लक आहे, म्हणून जाणकारांनी थोडे सविस्तर लिहावे ही विनंती.

मिनेसोटाकर (मिनिआपोलिस)

रानवारा, तुमच्याकडची थंडी आणि आमच्याकडची थंडी यांत फार फरक नाही, आणि झाकणाखालचा हा थर येथे कमी अंतर चालणाऱ्या असंख्य गाड्यांत दर हिवाळ्यात दिसतो. तरीही "होतेच" एवढ्यावर कोणी तुमची बोळवण करावी हे मला पटत नाही, कारण पुढील काही गोष्टी तपासायला अर्धा तासही लागत नाही आणि त्यांवरून बराचसा उलगडा होतो.

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीवरील पातळीची खूण पाहून तिचे छायाचित्र काढून ठेवा आणि आठवड्याभराने तशाच थंड अवस्थेत पुन्हा पाहा. हेड गॅस्केट जाऊन कूलंट ऑइलमध्ये उतरत असेल तर ही पातळी घटत जाते. त्याचबरोबर डिपस्टिकच्या टोकाचे ऑइलही दुधाळ होते, गोडसर वास येतो, आणि कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असेल तर इंजिन तापल्यानंतरही पाठीमागून पांढरा धूर येत राहतो. तुम्ही लिहिले आहे की डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ आहे आणि थर केवळ झाकणाला आहे. हे लक्षण दवाच्या बाजूने झुकते. झाकण इंजिनच्या अगदी वरच्या टोकाला असते, बाहेरची गार हवा त्याला थेट लागते आणि तळातल्या ऑइलची ऊब तेथवर उशिरा पोहोचते, म्हणून वाफेचे पाणी सर्वांत आधी तेथेच होते.

खात्री हवी असेल तर गॅरेजमध्ये कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या. हातपंपाने रेडिएटरमध्ये ठरावीक दाब भरायचा आणि तो टिकतो का ते पाहायचे, इतकी ती साधी असते. दुसरी चाचणी निळ्या रसायनाची आहे : कूलंटच्या टाकीतून येणारी हवा त्या रसायनातून जाऊ दिली असता, ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असतील तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा होतो. या दोन चाचण्या न करता जो इंजिन उघडण्याचा खर्च सांगतो, त्याच्याकडे गाडी देऊ नका.

आणखी एक काम करा. गाडीच्या संगणकाला जोडायचे ओबीडीचे स्वस्त ब्लूटूथ उपकरण आणून फोनवर कूलंटचे खरे तापमान पाहा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका, कारण अलीकडच्या गाड्यांत साधारण ७० अंशांपासून १०० अंशांच्या पुढेपर्यंत काटा मध्यावरच स्थिर राहील अशी रचना असते. महामार्गावर अर्धा तास चालवूनही कूलंट ८० अंशांच्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा रेडिएटरकडचा मार्ग तापमानानुसार उघडणारी झडप) उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे असेल तर बाकीचे सगळे उपाय वाया जातात.

स्नेहक (मुंबई)

मी वंगणांच्या चाचणीच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे पाणी येते कोठून आणि त्याचा गाळ कसा होतो यावर थोडे विस्ताराने लिहितो. हे एकदा नीट समजले की कोणता उपाय कामाचा आणि कोणता नाही, हे प्रत्येकाला स्वतःलाच ठरवता येते.

बाहेरच्या हवेतील आर्द्रता हे या पाण्याचे मुख्य कारण नाही. विनिपेगच्या जानेवारीतील हवा तर अत्यंत कोरडी असते. पाणी इंधनातूनच तयार होते. पेट्रोल हे हायड्रोजन आणि कार्बन यांचे बनलेले असल्यामुळे १ लिटर पेट्रोल पूर्ण जळाले की सुमारे ९०० मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपात निर्माण होते. त्यातील बहुतेक सगळी वाफ सायलेन्सरवाटे बाहेर पडते, परंतु पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात, झिरपतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. इंजिन थंड असताना पिस्टन पुरेसा फुगलेला नसतो, फटी मोठ्या असतात आणि झिरपणारा वायूही अधिक असतो. या वायूतील वाफेचा दवबिंदू साधारण ५० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे क्रँककेसचा किंवा टॅपेट कव्हरचा (इंजिनावरच्या आवरणाचा) जो भाग त्याहून थंड असेल त्याच्यावर पाणी जमते. उणे २५ अंशांत सुरू झालेल्या इंजिनात ५ किलोमीटरच्या प्रवासात असे थंड भाग अखेरपर्यंत शिल्लक राहतात.

येथे कूलंट आणि ऑइल यांतील फरक ध्यानात घ्यायला हवा. कूलंट काही मिनिटांत तापते, केबिनमध्ये ऊब येते आणि चालकाला वाटते की इंजिन गरम झाले. ऑइलला त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि कडाक्याच्या थंडीत गाडीच्या पोटाखालून वाहणारी हवा ऑइल चेंबरला सतत गार करत असते. ऑइल ८० ते १०० अंशांदरम्यान काही काळ राहिले तरच त्यातले पाणी वाफ होऊन पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (क्रँककेसमधील वायू ओढून नेणाऱ्या झडपेच्या) मार्गाने इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गाकडे, ओढले जाते आणि पुन्हा सिलिंडरमध्ये जाऊन बाहेर पडते. तुमच्या गाडीत पाणी रोज येते आहे आणि ते बाहेर जाण्याची वेळ मात्र येतच नाही.

आता पातळी वाढण्याविषयी. ती प्रामुख्याने पेट्रोलमुळे वाढलेली असावी. थंड इंजिन सुरू व्हावे म्हणून जास्त पेट्रोल फवारले जाते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात हा फवारा थेट सिलिंडरमध्ये येतो, थंड भिंतीवर पडलेले पेट्रोल वाफ न होता रिंगांवरून खाली ओघळते आणि ऑइलमध्ये मिसळते. तुम्ही म्हणता तो वास त्याचाच आहे. ही गोष्ट एखाद्या गाडीपुरती मर्यादित नाही : २०१८ मध्ये चीनच्या थंड उत्तर भागात होंडाच्या १.५ लिटर टर्बो इंजिनांतील ऑइलची पातळी वाढल्याच्या तक्रारींवरून गाड्या परत मागवण्याची वेळ आली होती, आणि नंतर उत्तर अमेरिकेतही कंपनीने सॉफ्टवेअर बदलले व वॉरंटी वाढवून दिली. लहान टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन, कडक थंडी आणि कमी अंतर ही चार कारणे एकत्र आली की कोणत्याही कंपनीच्या इंजिनात हे घडू शकते.

पाणी आणि पेट्रोल यांच्यापासून गाळ कसा होतो, हा तुमच्या प्रश्नांतील सर्वांत महत्त्वाचा भाग मला वाटतो. ताज्या ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट नावाची रसायने घातलेली असतात. पाण्याचे थेंब व काजळीचे कण सुटे सुटे ठेवून त्यांना एकत्र येऊ न देणे हे त्यांचे काम असते, आणि झाकणावर दिसणारा पिवळा थर म्हणजे ऑइल व पाणी यांचे याच रसायनांनी धरून ठेवलेले मिश्रण असते. तो थर स्वतः फारसे नुकसान करत नाही. नुकसान होते ते त्याच्या मागे चाललेल्या क्रियेमुळे. ब्लो-बायमधील नायट्रोजनची ऑक्साइड्स पाण्यात मिसळून आम्ल तयार होते, अर्धवट जळालेल्या इंधनाचे रेणू त्या आम्लाच्या सान्निध्यात चिकट बनतात, आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये ठेवलेला क्षारांचा साठा संपत जातो आणि डिस्पर्संटची ताकद संपली की हे चिकट कण, काजळी व पाणी मिळून काळा, मऊ गाळ खाली बसू लागतो. पुढे हा गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जमतो. जाळी अर्धी बंद झाली तर थंड सकाळी घट्ट झालेले ऑइल तिच्यातून पुरेसे ओढले जात नाही आणि बेअरिंग कोरडी पडतात.

जास्त तापून करपलेल्या ऑइलचा कडक, लाखेसारखा चमकणारा थर वेगळा आणि हा थंडीतला मऊ गाळ वेगळा. दुसऱ्या प्रकारासाठी ऑइलची स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. अमेरिकी मानकांतील सिक्वेन्स व्हीएच ही चाचणी फोर्डच्या ४.६ लिटर व्ही-८ इंजिनावर २१६ तास चालते, आणि तीत तापमान मुद्दाम कमी-जास्त करून शहरात थांबत थांबत चालणाऱ्या गाडीचीच परिस्थिती उभी केली जाते. त्यामुळे तुमच्या इंजिनासाठी सांगितलेल्या ग्रेडचे, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी किंवा त्यानंतरच्या दर्जाचे ऑइल वापरले तर गाळाविरुद्धची किमान क्षमता त्यात निश्चित असते. मात्र ही क्षमता ऑइल ताजे असेपर्यंतच पुरते.

घाटमाथा (नाशिक)

वरील विवेचन उपयुक्त आहे. मी काही वर्षे हिमाचल प्रदेशात नोकरीला होतो. तेथे आम्ही सकाळी इंजिन वीस मिनिटे जागेवरच चालू ठेवत असू आणि मगच गाडी बाहेर काढत असू. ऑइल पेट्रोलमुळे पातळ होत असेल तर मुळातच एक ग्रेड घट्ट, म्हणजे १०डब्ल्यू-४० घालून ठेवावे, म्हणजे मिसळ होऊनही योग्य तेवढा घट्टपणा उरेल, असे मला वाटते. रानवारा यांनी याचा विचार करावा.

मिनेसोटाकर (मिनिआपोलिस)

घाटमाथा, आपल्या अनुभवाचा आदर ठेवूनच लिहितो, पण या दोन्ही सल्ल्यांबाबत माझे मत वेगळे आहे आणि विनिपेगच्या थंडीत ते पाळले जाऊ नयेत असे मला तळमळीने वाटते.

जागेवर चालणारे इंजिन फार थोडी उष्णता निर्माण करते. उणे २५ अंशांत वीस मिनिटांनंतरही ऑइल जेमतेम कोमट होते, आणि त्या सगळ्या वेळात जादा पेट्रोलचा फवारा व थंड भिंतींवरचे पाणी दोन्ही वाढत राहतात. जो आजार बरा करायचा आहे तोच या उपायाने बळावतो. इंजिन सुरू झाल्यावर अर्धे ते एक मिनिट थांबून, मग कमी आरपीएमवर, जोर न देता गाडी हलवली तर ऑइल कितीतरी लवकर तापते. काचेवरचे बर्फ पूर्ण निघून समोरचे स्पष्ट दिसेपर्यंत थांबणे मात्र सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे, आणि तेवढ्यापुरते इंजिन चालू राहिले तर त्याला माझा आक्षेप नाही.

ऑइलच्या बाबतीत, थंडीत ते किती सहज वाहते हे सांगणारा डब्ल्यूच्या आधीचा आकडा आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. ०डब्ल्यू ऑइलची सुरू होण्याची चाचणी उणे ३५ अंशांना आणि पंपातून वाहण्याची चाचणी उणे ४० अंशांना होते. १०डब्ल्यू ऑइलसाठी हीच तापमाने उणे २५ आणि उणे ३० आहेत. म्हणजे विनिपेगच्या एखाद्या कडक रात्रीनंतर १०डब्ल्यू ऑइल त्याच्या मर्यादेच्या काठावर उभे असते. रानवारा यांच्या गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिले असेल तर तेच ठेवावे. वॉरंटी शिल्लक असल्यास ग्रेड बदलून ती धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

खरा उपयोग ब्लॉक हीटरचा होतो. तुमच्या भागात बहुतेक गाड्यांना तो बसवलेलाच असतो आणि अनेक कार्यालयांच्या वाहनतळांवर त्यासाठी विजेचे प्लग असतात. तो कूलंट तापवतो, त्यामुळे सिलिंडरच्या भिंती सुरुवातीपासूनच कोमट असतात, पेट्रोल कमी लागते आणि दवही कमी जमते. रात्रभर चालू ठेवण्याची गरज नाही. टायमर लावून निघण्याआधी दोन तास चालला तरी पुरतो, आणि कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा सल्लाही हाच आहे. संध्याकाळी निघतानाही तो वापरता आला तर उत्तम, कारण दिवसभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी तितकीच गारठलेली असते.

भोसरीचा वर्कशॉपवाला

नमस्कार मंडळी. आमच्याकडे उणे २५ अंश कधी येणार नाहीत, पण हा पिवळा थर मी वर्कशॉपमध्ये दर डिसेंबर-जानेवारीत पाहतो, आणि तो सर्वाधिक दिसतो सीएनजीच्या गाड्यांत. सीएनजीमध्ये हायड्रोजनचे प्रमाण पेट्रोलपेक्षा जास्त असल्यामुळे जळताना पाणीही जास्त तयार होते. सोसायटीतून भाजी मंडईपर्यंत आणि तेथून परत, एवढ्याच चालणाऱ्या गाडीचे झाकण थंडीच्या सकाळी उघडले की थर हमखास सापडतो. ग्राहक घाबरून येतात आणि काही ठिकाणी त्यांच्या भीतीचा फायदा घेऊन हेड उघडले जाते, याचे मला वाईट वाटते.

रानवारा यांनी फ्लशिंगचे विचारले आहे, म्हणून त्यावर स्पष्ट लिहितो. ऑइल काढून इंजिनात डिझेल किंवा रॉकेल भरायचे, थोडा वेळ चालवायचे आणि काढून टाकायचे, ही पद्धत आपल्याकडे अजूनही चालते. ती कृपया कोणीही करू नये. डिझेलमध्ये वंगणाची ताकद नसते, त्यामुळे बेअरिंगवर ओरखडे पडतात. त्याहून मोठा धोका असा की भिंतींना चिकटून बसलेला गाळ मोठ्या तुकड्यांनी सुटतो आणि थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. फ्लशिंग करून गेलेली गाडी काही दिवसांतच ऑइलचा लाल दिवा लागला म्हणून परत आलेली मी पाहिली आहे, आणि चेंबर खोलल्यावर जाळी काळ्या लगद्याने बुजलेली निघाली. गाळ थोडा असेल तर चांगले ऑइल व फिल्टर लागोपाठ कमी अंतराने बदलावेत. ताजे ऑइल तो हळूहळू स्वतःत घेते. गाळ फार असेल तर टॅपेट कव्हर आणि चेंबर उतरवून हाताने साफ करणे हाच खात्रीचा मार्ग आहे, भले त्याला दोन दिवस लागोत.

थर्मोस्टॅटबद्दल वर लिहिले आहे ते आपल्याकडच्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावे. गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची सवय अनेक मिस्त्रींना आहे. मग इंजिन कायम थंड चालते, ॲव्हरेज घटते आणि ऑइलमध्ये पाणी साचते. जुनी गाडी घेतली असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे जरूर पाहावे.

पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याची नळी तपासायची सोपी रीत सांगतो. इंजिन गरम असताना, जागेवर चालू ठेवून ऑइलचे झाकण काढावे आणि तोंडावर कागद धरावा. कागद हलकेच आत ओढला गेला तर मार्ग मोकळा आहे. वायू जोराने बाहेर फेकला जात असेल तर मार्ग तुंबला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. काही इंजिने झाकण काढल्यावर थोडी अडखळतात, त्याला घाबरू नये. डिझेलवाल्यांसाठी एकच वाक्य : बीएस-६ गाडीत डीपीएफची (धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीची) सफाई वारंवार अर्धवट राहिली तर जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि तेथेही पातळी वाढते, म्हणून डिपस्टिक पाहण्याची सवय त्यांनीही ठेवावी.

रानवारा (विनिपेग, कॅनडा)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. मधल्या काळात जे तपासून घेतले ते येथे नोंदवतो.

कूलंटची पातळी जागची हललेली नाही. एका तिसऱ्या गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घेतली, दाब टिकला, आणि निळे रसायनही निळेच राहिले. ओबीडीवर पाहिले तर कार्यालयात पोहोचेपर्यंत कूलंट ६० अंशांच्या आसपासच येते, पण महामार्गावर ते ८५ च्या पुढे जाऊन स्थिर राहते, म्हणजे थर्मोस्टॅट ठीक असावा. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता. अहवालात कूलंटचा मागमूस नाही, पाणी अत्यल्प आहे, परंतु पेट्रोलचे प्रमाण सुमारे ४ टक्के आहे आणि १०० अंशांवरील घट्टपणा २० ग्रेडच्या किमान मर्यादेखाली गेलेला आहे. पाणी अत्यल्प असताना झाकणावर एवढा थर कसा, हे मला नीट कळले नाही. तसेच गाडीचा संगणक ऑइलचे आयुष्य अजून निम्मे शिल्लक असल्याचे दाखवतो; त्याचे ऐकावे की अहवालाचे? ब्लॉक हीटर गाडीत आहे, पण त्याची वायर पुढच्या जाळीमागे बांधून ठेवलेली होती. आता तो टायमर लावून वापरू लागलो आहे.

स्नेहक (मुंबई)

अहवाल मागवलात हे फार चांगले केलेत. हेड गॅस्केटचा प्रश्न आता निकालात निघाला असे समजायला हरकत नाही, कारण कूलंटमधील सोडियम व पोटॅशियम ऑइलमध्ये आढळले असते तर अहवालात ते दिसलेच असते.

पाण्याविषयीचा आपला प्रश्न रास्त आहे. नमुना चेंबरमधून घेतला जातो आणि थर सर्वांत वरच्या गार झाकणावर असतो, त्यामुळे दोन्हींत तफावत दिसते. शिवाय आपण महामार्गावर चाचणीसाठी गाडी चालवलीत. नमुना त्यानंतर काढला असल्यास खालचे बरेचसे पाणी त्या फेरीत उडून गेले असेल. काही ठिकाणी तापलेल्या पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकून तडतड ऐकण्याचा सल्ला दिला जातो. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलबाबत हा प्रयोग घरी अजिबात करू नये, ते पेट घेऊ शकते.

पेट्रोल मात्र पाण्याइतक्या सहज जात नाही. त्यातील हलके घटक लांबच्या प्रवासात उडतात, पण जड घटकांचा उत्कलनबिंदू २०० अंशांच्या जवळ असतो आणि ते ऑइलमध्येच राहतात. २० ग्रेडच्या ऑइलचा १०० अंशांवरील घट्टपणा किमान ६.९ सेंटिस्टोक असावा लागतो. आपले ऑइल त्याच्या खाली आहे, म्हणून ते आताच बदलावे. संगणक ऑइलची तपासणी करत नसतो, तो फेऱ्या, तापमान आणि आरपीएम यांवरून अंदाज बांधतो, आणि प्रत्यक्ष अहवाल हाती असताना अंदाजावर थांबण्याचे कारण नाही.

पुढच्या मुदतीसाठी पुस्तिकेतील कठीण वापराचे पान पाहावे. अनेक उत्पादक एका फेरीत ८ किलोमीटरपेक्षा कमी, किंवा गोठणबिंदूखालील हवेत १६ किलोमीटरपेक्षा कमी चालणाऱ्या गाडीला कठीण वापरात धरतात आणि ऑइल बदलण्याची मुदत निम्म्यावर आणतात. आपला वापर दोन्ही कसोट्यांनुसार त्यात बसतो. आपण किती किलोमीटर चाललो हे येथे गौण आहे. प्रत्येक थंड सुरुवातीत ऑइलची हानी होते आणि आपल्या थोड्याशा किलोमीटरांत अशा सुरुवाती भरपूर आहेत. म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदा, मध्य हिवाळ्यात एकदा आणि बर्फ वितळल्यावर एकदा असे बदल मी सुचवेन. प्रत्येक वेळी फिल्टरही नवा असावा.

आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा ते पाऊण तास गाडी चालवावी, पण ती सलग असावी. मध्ये दोन-तीन ठिकाणी थांबून तेवढाच वेळ भरला तर ऑइल पुन्हा गार होते. त्या फेरीनंतर झाकण पुसून ठेवावे, म्हणजे थर नव्याने किती जमतो हे पुढच्या वेळी कळेल. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण टर्बो इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) पुष्कळदा तेथेच असतो आणि अनेक नव्या गाड्यांत जाळी आपोआप मिटण्याची सोय आधीच असते.

भोसरीचा वर्कशॉपवाला

स्नेहक यांच्या उत्तरात एकच भर घालतो, कारण ती विनिपेगसारख्या ठिकाणी इंजिन वाचवू शकते. पीसीव्हीच्या नळीतून जाणारी वाफ इनटेकच्या थंड हवेला मिळते तेथे कडाक्याच्या थंडीत बर्फ धरू शकतो. नळी बर्फाने बंद झाली की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल डिपस्टिकच्या नळीतून किंवा क्रँकच्या मागच्या सीलमधून बाहेर ढकलले जाते. सकाळी डिपस्टिक वर उचललेली दिसली, गाडीखाली ऑइलचे ताजे थेंब दिसले किंवा इंजिनमधून शिट्टीसारखा आवाज आला, तर इंजिन लगेच बंद करावे, गाडी उबदार गॅरेजमध्ये ओढून न्यावी आणि नळी मोकळी झाल्यावर ऑइलची पातळी पाहूनच पुन्हा सुरू करावी. मध्य हिवाळ्यातील ऑइल बदलताना ही नळी उतरवून आत पाणी किंवा पिवळा थर साचला आहे का हे गॅरेजवाल्याला पाहायला सांगा, आणि आपल्या मॉडेलसाठी तापवणारी किंवा आवरण असलेली नळी मिळते का याचीही तेव्हाच चौकशी करा.